नानांविषयी, बाळ्यास

लालबाग, मुंबई
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

नाना गेल्याचं कळवायला मी मस्कतला फोन केला, तेव्हा तू बराच वेळ गप्प होतास. मग एकच विचारलंस, "त्यांना त्या फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये नेमकं काय मिळालं रे? नेव्हीतला माणूस, आपल्या चाळीतला माणूस, तिथे कशाला रमला?" त्या दिवशी उत्तर देणं शक्य नव्हतं. आता तेरावं झालं, पाहुणे गेले. प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

अंत्ययात्रेचं थोडक्यात सांगतो. भोईवाड्याच्या स्मशानात चाळीतली बहुतेक जुनी माणसं आली होती. नेव्हीतले तिघे निवृत्त चीफ आले, त्यातल्या एकाला दोन्ही बाजूंनी धरून आणावं लागलं. आणि लॉजचे, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या नानांच्या शाखेचे, दहा-बारा जण होते. काळे सूट, काळे टाय, हातात पांढरे मोजे. एक बोहरी म्हातारे, दोन पारशी, एक सरदारजी, बाकीचे आपले नि गुजराती. प्रत्येकाने नानांच्या छातीवर एकेक हिरवी डहाळी ठेवली आणि मागे सरकून उभा राहिला. भाषण नाही, घोषणा नाही. माईंना त्यांच्यापैकी कोणीतरी वाकून नमस्कार केला. माई त्यांना नावाने ओळखत होत्या, मला याचं नवल वाटलं.

तू म्हणालास की नाना दोन आयुष्यं जगले. मला ते पटत नाही. एकच होतं. कसं ते सांगतो.

नाना देवगडकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन १९५७ साली नेव्हीत भरती झाले, हे तुला माहीत आहे. स्टोकर म्हणून, म्हणजे जहाजाच्या बॉयलरची भट्टी सांभाळणारा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिक्षण झालं आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच बोटीने बेलफास्टला रवाना झाले. हार्लंड अँड वोल्फच्या गोदीत आपली विमानवाहू विक्रांत तयार होत होती. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या उपस्थितीत ती नौदलात दाखल झाली, त्या पहिल्या खलाशांत आपले नाना होते. तिथल्या थंडीबद्दल ते फार बोलत. डेकवर परेडला उभं राहायचं म्हणजे शिक्षा, आणि ड्यूटी बॉयलर रूमला लागली की सगळे खूश. खाली ऊब होती ना! परत येताना सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरल्यावर हेच गणित उलटं झालं.

३ नोव्हेंबर १९६१ ला विक्रांत मुंबईत आली, नेहरू स्वतः बॅलार्ड पिअरला हजर होते. पुढच्याच महिन्यात गोव्याची मोहीम. विक्रांत गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर पहाऱ्याला होती, तिला लढाई करावी लागली नाही. आपण लहानपणी "तुम्ही गोव्यात किती पोर्तुगीज मारले?" असं विचारायचो तेव्हा नाना गंभीरपणे सांगत, "आमका गोवा दिसलोच नाय." ते अक्षरशः खरं होतं. बॉयलर रूम पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, आकाश नाही. समोर फक्त बर्नर, वाफेच्या दाबाचे काटे, आणि पाण्याची काच. ड्रममधलं पाणी किती आहे ते दाखवणारी ती उभी काचेची नळी, तिच्यावरून नजर हलवायची नाही. पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात आणि मग काय होतं ते सांगायला माणूस उरत नाही.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानने विक्रांत बुडवल्याचा दावा केला. ती तेव्हा मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती. पण देवगडकडे बातमी पोचली ती अर्धवट. नानांच्या आईने चूल पेटवली नाही. पोस्टमन नानांचं पत्र घेऊन आला तेव्हा त्या माउलीने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ही गोष्ट माईंनी आत्ता, दहाव्याच्या दिवशी सांगितली. नानांनी स्वतः कधी सांगितली नव्हती.

आता १९७१. यावर मी जरा थांबणार आहे, कारण नाना कळायचे असतील तर हे कळायला हवं.

त्या वर्षी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरच्या ड्रमला तडे गेलेले होते. एवढं मोठं जहाज, पण पूर्ण वेगाने पळू शकत नाही. ते युद्धावर न्यायचं की गोदीतच ठेवायचं यावर वर बरीच चर्चा झाली. शेवटी न्यायचं ठरलं, बंगालच्या उपसागरात. आता विमानवाहू जहाजाचं गणित असं असतं की विमान उडवायला डेकवरून समोरचा वारा लागतो. निसर्गाने दिला तर ठीक, नाहीतर जहाजाने वाऱ्याच्या दिशेने जोरात पळून तो तयार करायचा. डिसेंबरात त्या समुद्रात वारा बेताचाच. म्हणजे जहाजाचा वेग हवा, म्हणजे वाफ हवी. आणि विमानाला डेकवरून फेकणारी कॅटापल्ट, तीही वाफेवरच चालायची, आणि ती वाफ त्याच बॉयलरांतून! दुखरा बॉयलर सांभाळायचा, उरलेल्यांकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचं, आणि वरून हुकूम आला की कॅटापल्टला दाब कमी पडू द्यायचा नाही.

४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर आणि नंतर चितगाववर हल्ला केला. नाना खाली होते. त्यांना विमान दिसलं नाही. त्यांना काय कळायचं, तर प्रत्येक उड्डाणाला दाबाचा काटा एकदम खाली झुकायचा आणि अख्खं जहाज दचकायचं. काटा झुकला की एक विमान गेलं. नाना काटे मोजत. मग परत आलेल्यांचा डेकवर टेकल्याचा धक्का मोजत. दोन्ही आकडे जुळले की बॉयलर सूट पिळून पाणी प्यायला जायचं. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "आणि नाही जुळले तर?" ते म्हणाले, "मग परत मोजूचे."

विक्रांतच्या माणसांना त्या युद्धात दोन महावीरचक्रं आणि बारा वीरचक्रं मिळाली. त्या यादीत नाना नाहीत, आणि त्याची खंत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. मला मात्र एक वाटतं, आणि हे मी आज ठासून लिहितो. आपल्याकडे युद्धाच्या आठवणी लिहिल्या गेल्या त्या बहुतेक वर उभ्या असलेल्यांच्या. ज्यांनी लढाई फक्त एका काट्याच्या झुकण्यावरून पाहिली त्यांचं कोणी टिपून घेतलं नाही. आणि आता ती माणसं एकेक करून जाताहेत.

९ डिसेंबरला दीवसमोर आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यात नानांचा शिवाजीमधला जोडीदार होता. दोघं एकाच बराकीत, शेजारच्या खाटांवर. तोही स्टोकर. पुढचं तुला आठवत असेल. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाना आपल्याला हाक मारायचे आणि मनीऑर्डरचा फॉर्म भरायला बसवायचे, "अक्षर बरां आसा तुमचां" म्हणून. कधी तू भरायचास, कधी मी. खालच्या कुपनावर निरोप लिहायला जेमतेम दोन ओळींची जागा असायची. नाना दरवेळी तेच सांगत : "आई, मी बरा आहे. तब्येत जपा." आपण समजायचो की त्यांच्या आईलाच पैसे जातात. ती त्या जोडीदाराची आई होती. नाना तिला मुलगा म्हणून पत्र लिहीत होते. ती गेली तेव्हा नाना गावी गेले आणि तिच्या क्रियाकर्माला मुलाच्या जागी बसले.

१९७४ ला पेन्शन घेऊन ते बाहेर पडले, बॉयलर अटेंडंटचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट काढलं आणि परळच्या गिरणीत लागले. तिथपासून ते आपले. गॅलरीत उभं राहून गिरण्यांच्या चिमण्या बघत बसायचे, आठवतं? काळा धूर म्हणजे भट्टीला हवा कमी. पांढरा म्हणजे हवा जास्त, उष्णता फुकट चाललीय. दिसेल न दिसेल असा तपकिरी, तो खरा. युद्धनौकेने धूर काढला तर शत्रूला मैलोन्‌मैल दिसते, म्हणून ही नजर त्यांच्या अंगात मुरलेली. पहाटे पाच वाजता दात घासता घासता ते सांगायचे, "त्या गिरणीत रात्रपाळीक नवीन माणूस इलो वाटता." आणि ते खरं निघायचं!

लॉजची सुरुवात या गिरणीतूनच झाली. गिरणीचे चीफ इंजिनियर पारशी होते आणि फ्रीमेसन होते. त्यांच्या कोटावरचं गुण्या आणि कंपासाचं चिन्ह नानांनी पाहिलं आणि विचारलं. फ्रीमेसन लोक कोणाला या म्हणून बोलावत नाहीत, ज्याला यायचं त्याने स्वतः विचारायचं, असा त्यांचा रिवाज. नानांनी वर्षभर विचार केला, माईंशी बोलले, मग अर्ज दिला. सभासदांनी पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून मत द्यायचं असतं. एका बॉयलरवाल्याला तिथे घेतलं गेलं, ही १९७९ च्या मुंबईत साधी गोष्ट नव्हती. तिथे बहुतेक वकील, डॉक्टर, व्यापारी, अधिकारी.

चाळीत याचा केवढा बभ्रा झाला! "जादूघरात जातात." "कवटीवर हात ठेवून शपथ घेतात." "बाटतात." आणि रात्री गॅलरीत येरझाऱ्या घालत नाना इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचे, त्याने तर आपली खात्रीच पटली होती की हे मंत्र आहेत. बाळ्या, ते विधीतले उतारे होते. लॉजमधले विधी इंग्रजीत आणि तोंडपाठ म्हणायचे असतात, पानंच्या पानं. मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेला माणूस चाळिशीत ते जुनं, वळणदार इंग्रजी घोकत होता. अडलेला शब्द सकाळी माझ्याकडून डिक्शनरीत बघून घ्यायचे आणि कागदाच्या चिठ्ठीवर देवनागरीत उच्चार लिहून खिशात ठेवायचे.

एकदा सभासदांच्या घरच्यांसाठी हॉल दाखवायचा दिवस होता, तेव्हा त्यांनी मला फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये नेलं. १८९७ ची वास्तू. आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला गुरूची मोठी खुर्ची, पश्चिमेला आणि दक्षिणेला आणखी दोन. मधल्या चौरंगावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब अशी पुस्तकं शेजारी शेजारी. ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. एक परमेश्वर मानला पाहिजे, कोणता ते विचारणार नाही. गवंड्याची हत्यारं सगळीकडे : छिन्नी, हातोडा, ओळंबा, पाणसळ, गुण्या. जुन्या काळी युरोपात देवळं बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघांवरून हे सारं आलं. तिथल्या एका वृद्ध सभासदाने मला सांगितलं की मुंबईत भारतीयांसाठी पहिलं लॉज १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी काढलं, रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, आणि आपल्या देशाची स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत स्थापन झाली. ते ऐकून नाना माझ्याकडे बघून हसले. विक्रांत मुंबईत आल्यानंतर तीन आठवड्यांनी!

तिथे त्यांनी मला जे सांगितलं तेच बहुधा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जहाजावर अधिकाऱ्यांचं जेवण वेगळं, जिना वेगळा, आणि ते युद्धनौकेवर लागतंच, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. गिरणीतही तेच. पण या फरशीवर चीफ इंजिनियर आणि ते एकाच रांगेत, एकसारखे पांढऱ्या कातड्याचे एप्रन बांधून बसत, आणि एकमेकांना भाऊ म्हणत. "पंधरा वर्षां सॅल्यूट केलंय," ते म्हणाले, "हंय पयल्यांदा कोणी साहेबान माझो हात हातात घेतलो."

मी लॉजची भलामण करत नाही. बायकांना तिथे प्रवेश नव्हता, माईंनी ती खोली आतून फक्त अशाच एखाद्या दिवशी पाहिली. वर्गणी गरिबाला परवडणारी नाही, नाना पेन्शनमधून भरत. आणि गुप्ततेचा त्यांचा हट्ट लोकांच्या मनात नसते संशय पेरतो, असं मला आजही वाटतं. पण नानांपुरतं बोलायचं तर तिथे त्यांना जे मिळालं ते खरं होतं.

त्याची परीक्षा झाली १९८२ ला. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. नाना बाहेर, माझे बाबा बाहेर, तुझे काका बाहेर. आणि महिन्याच्या ठरलेल्या संध्याकाळी नाना ती चपटी काळी बॅग घेऊन लॉजला जायचे. तिथे चीफ इंजिनियरही यायचे. बाबांना हे सहन झालं नाही. "दिवसा गेटवर आमच्यात उभा राहतोस आणि रात्री त्यांच्या पंगतीला बसतोस?" भर चाळीत विचारलं त्यांनी. नानांनी उत्तर दिलं नाही. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर बोलायला बंदी असते, आणि त्या दोघांनी ती अख्खा संपभर पाळली. शेजारी बसायचे, संपाचा चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा गेटवर. एकदाही ते आत कामावर गेले नाहीत, फोडायला माणसं आली होती तरी. आणि लॉजकडे स्वतःसाठी त्यांनी पैसा मागितला नाही. मागितलं ते एकदाच, त्या खुकरीवरच्या जोडीदाराच्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता तेव्हा. तिची फी लॉजने भरली. ती परवा भोईवाड्याला आली होती, निवृत्त मेट्रन आहे.

बाबा त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. पुढे बोलणं सुरू झालं, कॅरम सुरू झाला, पण लॉजचा विषय त्या दोघांत शेवटपर्यंत निघाला नाही. बाबांची बाजू मला आजही चुकीची वाटत नाही. त्यांची गिरणी गेली, नोकरी गेली, हक्काचे पैसे अर्धेसुद्धा मिळाले नाहीत. नानांचीही गेली. फरक एवढाच की नानांच्या हातात बॉयलरचं सर्टिफिकेट होतं, एका हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या बॉयलरवर त्यांना काम मिळालं.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाना पायऱ्या चढत वर्शिपफुल मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, झाले. एक वर्ष त्या पूर्वेच्या खुर्चीवर बसले. नंतर बरेच जण वरच्या, प्रांताच्या पदांकडे जातात. नानांनी मागून घेतलं टायलरचं काम. टायलर म्हणजे बैठक चालू असताना दाराच्या बाहेर, हातात तलवार घेऊन बसणारा. आत सगळं चाललेलं असतं, तो एकटा बाहेर. आलेल्याला ओळखायचं, आत सोडायचं, दार सांभाळायचं. गुडघे साथ देईनात तोपर्यंत, वर्षानुवर्षं, त्यांनी हेच केलं. लॉजचे सेक्रेटरी सांगत होते, "आम्ही म्हणायचो, नाना, आत या, बाहेर कंटाळा येत असेल. तर म्हणायचे, आत काय चाललंय ते मला आवाजावरून कळतं." बाळ्या, मला हे ऐकल्याबरोबर बॉयलर रूम आठवली. म्हणून म्हणतो, दोन आयुष्यं नव्हती.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला सेवेतून गेली. पुढे संग्रहालय म्हणून मुंबईत होती तेव्हा नाना चाळीतल्या पोरांना घेऊन जायचे. २०१४ ला दारूखान्याच्या जहाजतोड यार्डात तोडायला घेतली. मी म्हटलं, बघायला नको जायला. ते गेलेच. लांबून तासभर पाहिलं आणि परत येताना एवढंच म्हणाले की मुंबईने तिला जागा द्यायला हवी होती. मलाही तसंच वाटतं, आणि त्याचा राग अजून आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीनला नवी विक्रांत दाखल झाली, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला. तिला गॅस टर्बाइन आहेत, बॉयलर नाहीत, हे मी सांगितलं. "बरां झालां," म्हणाले, "पोरांका खाली भाजूक नको."

माई ठीक आहेत. पुतणी कुडाळला चला म्हणते, त्या तयार नाहीत. फॅमिली पेन्शनचे कागद मी आणि लॉजचे सेक्रेटरी मिळून करतोय, पीपीओ (पेन्शनचा हुकूम) आणि सर्व्हिस बुक नानांनी एकाच फाइलमध्ये व्यवस्थित लावून ठेवलेलं आहे, अडचण येणार नाही. तू माईंना फोन कर, पण चारनंतर. दुपारी त्या झोपतात आणि अलीकडे ऐकायलाही कमी येतं, मोठ्याने बोल.

तुझ्याकडे तो फोटो असेल, गणपतीतला, नाना आपल्याला दोरखंडाची बोलाइन गाठ शिकवतायत तो. त्याची चांगली प्रत पाठव. माझ्याकडची पावसात गेली.

मे महिन्यात येशील तेव्हा दीवला जाऊया. टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. नानांना जायचं होतं, राहून गेलं. माईंना विचारलं, त्याही येते म्हणाल्या. तारीख लवकर कळव, म्हणजे वेरावळच्या गाडीची तिकिटं काढून ठेवतो. माईंना खालचा बर्थ लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादू